पाताळाकडे उघडणारी खिडकी

टिनटिनच्या चित्रकथा वाचत वाढलेल्या वाचकांना विसरभोळे, टोकदार दाढीचे प्राध्यापक कॅल्क्युलस नक्कीच आठवत असतील. चित्रकार एर्जे यांनी हे पात्र ज्यांच्यावरून बेतले, ते ऑग्युस्त पिकार ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर त्यांच्या नजरेस पडत. फरक एवढाच, की पिकार विलक्षण उंच होते आणि चित्राच्या चौकटीत मावावेत म्हणून एर्जेंनी त्यांना बुटके केले. विनोदी पात्र म्हणून अजरामर झालेल्या या माणसाने प्रत्यक्षात एक अत्यंत गंभीर प्रश्न सोडवला होता. जिथे माणूस श्वास घेऊ शकत नाही, तिथे त्याला बंद खोलीत नेऊन बाहेरचे दाखवायचे कसे? खोली मजबूत करणे तुलनेने सोपे. पण पाहायचे तर तिला भोक पाडावे लागते, आणि भोक पाडले की मजबुती संपते.

पिकार यांचा जन्म २८ जानेवारी १८८४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ऑग्युस्त आणि झाँ हे जुळे भाऊ. दोघेही झुरिचच्या तंत्रविद्यालयात शिकले आणि दोघांनाही बलूनचे वेड लागले. १९१३ मध्ये त्यांनी एकत्र सोळा तासांचे उड्डाण केले. पहिल्या महायुद्धात ते स्विस लष्कराच्या बलून पथकात दाखल झाले आणि १९२२ मध्ये ऑग्युस्त ब्रुसेल्सच्या मुक्त विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२७ च्या सॉल्व्हे परिषदेचे प्रसिद्ध छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. आइनस्टाइन, मादाम क्युरी, बोर अशा मंडळींच्या मागे, शेवटच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला उभे आहेत ते पिकार.

वैश्विक किरणांचा अभ्यास करायचा तर वातावरणाचा बहुतेक थर पायाखाली घालायला हवा होता. त्या काळचे बलूनवीर उघड्या टोपलीतून जात आणि उंचावर प्राणवायूअभावी मरत. पिकार यांनी टोपलीच रद्द केली. २.१ मीटर व्यासाचा, अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा हवाबंद गोल त्यांनी बनवून घेतला आणि जमिनीवरची हवा सोबत घेऊन जायचे ठरवले. आजच्या प्रवासी विमानाच्या दाबयुक्त कक्षाचे मूळ या गोलात आहे. बेल्जियमच्या राष्ट्रीय संशोधन निधीने पैसे दिले म्हणून बलूनला त्याच्या आद्याक्षरांचे, एफएनआरएस असे नाव मिळाले.

सोळा किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या एक दशांश उरतो. त्यामुळे गोलाच्या भिंतीवर आणि छोट्या गोल खिडक्यांवर आतून बाहेर, दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो, असा रेटा पडतो. काच निखळली तर आतली हवा क्षणार्धात निघून जाणार. येथे खिडकीचा शत्रू आत बसलेला असतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे; कारण पुढे पिकार यांच्या आयुष्याने जी उलटी उडी घेतली, तिच्यात हा शत्रू बाहेर गेला.

२७ मे १९३१ च्या पहाटे जर्मनीतील आउग्सबुर्ग येथून पिकार आणि त्यांचे सहायक पाउल किप्फर यांनी उड्डाण केले. डोक्याला मार लागू नये म्हणून दोघांनी वेताच्या टोपल्यांत उशा बसवून शिरस्त्राणे केली होती. उड्डाणाची इशारत मिळालीच नाही. किप्फर यांनी खिडकीतून पाहिले तेव्हा कारखान्याचे धुराडे खाली चाललेले दिसले. त्यातच, एका उपकरणासाठी भिंतीत ठेवलेल्या छिद्रातून हवा शिट्टी घालत बाहेर पडू लागली. तेथील विसंवाहक मोडला होता. बलून वेगाने वर जात होते आणि आतला दाब उतरत होता. पिकार यांनी अशा प्रसंगासाठी तागासारखे तंतू आणि व्हॅसलीन यांचा लगदा तयार ठेवला होता. तो थापून थापून अखेर छिद्र बुजले. जगातील सर्वांत उंच गेलेल्या दोन माणसांचा जीव त्या सकाळी व्हॅसलीनच्या एका गोळ्यावर टांगलेला होता.

संकटे तेवढ्यावर थांबली नाहीत. वायू सोडण्याच्या झडपेची दोरी अडकल्याने खाली येणे अशक्य झाले. दाबमापक फुटून पारा सांडला. पारा ॲल्युमिनियम खातो, म्हणून पिकार यांनी एक नळी बाहेरच्या विरळ हवेशी जोडून तो शोषून बाहेर टाकला. गोल अर्धा काळा रंगवलेला होता. तो उन्हापासून वळवण्याची मोटर बंद पडली आणि आतले तापमान चाळीस अंशांच्या घरात गेले. तहानलेले दोघे भिंतीवर साचलेले दव चाटत राहिले. संध्याकाळी वायू थंड झाला, तेव्हा बलून आपोआप उतरले आणि ऑस्ट्रियातील ओबरगुर्गल गावाच्या वरच्या हिमनदीवर टेकले. खाली अनेकांनी त्यांची आशा सोडली होती. उंची भरली १५,७८१ मीटर. १९३२ मध्ये माक्स कोसिन्स यांच्यासह पिकार पुन्हा गेले आणि त्यांनी १६,००० मीटरची मर्यादा ओलांडली.

एवढ्यावर बहुतेकांनी कृतार्थ होऊन व्याख्याने देत आयुष्य घालवले असते. पिकार यांनी पन्नाशी ओलांडल्यावर समुद्राचा तळ गाठायचे ठरवले. कल्पना बलूनचीच होती: हायड्रोजनऐवजी पाण्याहून हलके पेट्रोल भरलेली टाकी, तिच्याखाली पोलादी गोल, आणि वजनासाठी विद्युत्‌चुंबकाने धरलेले लोखंडी छर्रे. वीज गेली की छर्रे आपोआप गळून पडतात आणि यान वर येते. या यानाला त्यांनी बॅथिस्कॅफ, म्हणजे ग्रीक भाषेत खोल पाण्यातले जहाज, असे नाव दिले.

अडचण पुन्हा खिडकीची होती. अमेरिकेत विल्यम बीबी आणि ओटिस बार्टन यांनी दोरखंडाने सोडलेल्या पोलादी गोलात क्वार्ट्‌झच्या जाड तबकड्या बसवल्या होत्या. १९३२ मध्ये त्यांनी रिकामा गोल चाचणीसाठी खाली सोडला, तेव्हा एका खिडकीपाशी गळती होऊन तो पाण्याने भरला. वर आणून झाकणाचा बोल्ट सैल करताच तो बंदुकीच्या गोळीसारखा डेकवरून सुटला. बीबी १९३४ मध्ये ९२३ मीटरपर्यंत पोहोचले. पिकार यांना त्याच्या कितीतरी पट खोल जायचे होते.

काचेचा दोष तिच्या स्वभावात आहे. पोलादी खोबणीत केसाएवढा जरी उंचवटा असला, तरी सारा भार त्या एका बिंदूवर येतो; काच नमत नाही, ती तडकते. बोल्ट जितके आवळावेत तितका हा धोका वाढतो. पिकार यांनी काच सोडून तेव्हा नव्याने बाजारात आलेले प्लेक्सिग्लास हे पारदर्शक प्लास्टिक निवडले. भार आला की ते किंचित दबते, खोबणीशी जुळवून घेते आणि भार सर्वत्र वाटला जातो. त्यांनी त्याला टोक छाटलेल्या शंकूचा आकार दिला. जाडी सुमारे १५ सेंटिमीटर, बाहेरच्या तोंडाचा व्यास सुमारे ४० आणि आतल्याचा सुमारे १०. बेसिनचे रबरी बूच जसे पाणी चढेल तसे अधिक घट्ट बसते, तशी ही खिडकी खोलीबरोबर आपल्या बैठकीत रुतत जाते. खिळे-बोल्टांना ती पृष्ठभागावर निसटू न देण्यापुरतेच काम उरते. समुद्र स्वतःच तिला कडी घालतो. शिवाय आतले भोक लहान राहूनही बाहेरचा मोठा भाग दिसतो. अभियांत्रिकीत इतके देखणे उत्तर क्वचितच सापडते.

महायुद्धाने काम रखडले. १९४८ मध्ये केप व्हर्देजवळ एफएनआरएस-२ ची चाचणी झाली. रिकामे यान १,३८० मीटर खोल जाऊन आले, गोल आणि खिडक्या शाबूत राहिल्या. मात्र वरची पेट्रोलची टाकी लाटांनी मोडली. बातमी अपयशाचीच झाली. पुढे हा गोल फ्रेंच नौदलाकडे गेला आणि पिकार स्वतःच्याच यानात सल्लागार म्हणून उरले. तेव्हा इटलीतील त्रिएस्त शहराने हात पुढे केला. मुलगा झाक याच्या मदतीने त्यांनी दुसरे यान बांधले आणि त्याला त्या शहराचेच नाव दिले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी पोंझा बेटाजवळ पिता-पुत्र ३,१५० मीटर खोल गेले. ऑग्युस्त तेव्हा ६९ वर्षांचे होते.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १० जानेवारी १९५४ रोजी, त्याच भूमध्य समुद्रात एल्बा बेटाजवळ कॉमेट हे ब्रिटिश जेट विमान हवेतच फुटून कोसळले. विमानाच्या कक्षात दाब भरायचा आणि काढायचा, या रोजच्या खेळाने धातू थकला होता. तळातून काढलेल्या अवशेषांत, छतावरील अँटेनासाठी पाडलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी, रिव्हेटच्या भोकाजवळ पहिली भेग सापडली. पिकार यांना ज्याची धास्ती होती तेच येथे घडले होते: ताण सर्वत्र न वाटला जाता एका कोपऱ्यात साठला होता.

१९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने त्रिएस्त विकत घेतले आणि क्रुप कारखान्यातून अधिक जाड गोल बसवला. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि लेफ्टनंट डॉन वॉल्श मेरियाना गर्तेत उतरले. नऊ हजार मीटर ओलांडल्यावर प्रचंड आवाज होऊन सारे यान हादरले. काय फुटले, हे कळायला मार्ग नव्हता. मोजमापे ठीक होती, म्हणून दोघांनी उतरणे चालूच ठेवले. जवळपास ११ किलोमीटरच्या त्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक टनाहून अधिक भार असतो. म्हणजे ४० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर हजार टनांहून कितीतरी अधिक. तिथे पोहोचल्यावर उलगडा झाला. गोलाची शंक्वाकार खिडकी जशीच्या तशी होती. भेग गेली होती ती वरच्या प्रवेशमार्गाच्या खिडकीला. तो मार्ग पाण्याने भरलेला असल्याने तिच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच होता. धोका पुढचा होता: वर आल्यावर त्या मार्गातले पाणी हवेने बाहेर ढकलताना ती भेगाळलेली खिडकी टिकली नसती, तर दोघांना गोलाबाहेर पडता आले नसते. वीस मिनिटे तळाशी थांबून ते निघाले, सव्वातीन तासांनी वर आले, आणि पाणी हळूहळू, अतिशय जपून काढण्यात आले. खिडकी टिकली.

त्या दिवशी ऑग्युस्त पिकार यांना ७६ वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस कमी होते. मार्च १९६२ मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्रिएस्त पुढे वॉशिंग्टनमधील अमेरिकी नौदलाच्या संग्रहालयात ठेवण्यात आले.