चार फुटांची दोरी आणि अख्ख्या बंगालचा ताग : प्रशांतचंद्र महालनोबिस

पीक विमा काढला असेल तर ‘पीक कापणी प्रयोग’ हे शब्द तुम्ही ऐकले असतीलच. काढणीच्या तोंडावर शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून वजन करतात आणि फोटो, ठिकाण, वजन मोबाईल अ‍ॅपवर चढवतात. अशा मोजक्या तुकड्यांवरून अख्ख्या महसूल मंडळाचं उत्पादन ठरतं. भरपाई मिळणार की नाही, हेही त्यावरच.

थोड्या तुकड्यांवरून एवढा मोठा हिशेब करण्याची पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत पहिलं नाव येतं महालनोबिस यांचं. जन्म 29 जून 1893, कोलकाता. केंब्रिजला ते भौतिकशास्त्र शिकले. 1915 मध्ये महायुद्धामुळे परतीची बोट लांबली आणि त्या रिकाम्या दिवसांत ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे अंक हाती लागले. त्यांनी सगळा संचच विकत घेतला आणि बोटीवर वाचून काढायला घेतला! पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे भौतिकशास्त्र, पण जीव गुंतला आकड्यांत. 1931 मध्ये तिथेच त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली.

खरी कसोटी लागली तागाच्या पिकात. बंगालच्या तागाचे सरकारी आकडे बरेचसे नजरेच्या अंदाजावर चालत, म्हणजे आपल्याकडच्या नजर पैसेवारीसारखेच. 1937 पासून महालनोबिस यांनी लहान प्रमाणावर नमुना पाहणी सुरू केली आणि दरवर्षी ती वाढवत नेली. कुठल्या जागी मोजायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरे, त्यामुळे कर्मचाऱ्याला सोयीचं शेत निवडता येत नसे. एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं पाठवण्याची त्यांची युक्ती तर फारच कामाची होती. दोघांचे आकडे जुळले नाहीत की कुणाचं तरी मोजमाप चुकलंय हे उघड व्हायचं. नंतर सरकारने शेतन् शेत मोजून पाहिलं, तेव्हा त्यापेक्षा नमुना पाहणीचा आकडा व्यापाराच्या आकड्यांना अधिक जवळचा निघाला. तोही कितीतरी कमी खर्चात.

पण एका मुद्द्यावर त्यांना तगडा विरोध झाला, तोही मराठी माणसाकडून. महालनोबिस यांची माणसं चार फूट त्रिज्येसारखी लहान वर्तुळं कापत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे यांनी 1946 च्या सुमारास दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला तर काठावरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. वाद बराच रंगला. सरकारी पीक कापणीत मात्र मोठे चौकोनी तुकडेच टिकले.

1950 मध्ये महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. 28 जून 1972 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस 2007 पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

आता कर्मचारी खरोखर शेतावर गेला होता का, हे फोनमधल्या जीपीएसवरून कळतं. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे मात्र अजूनही दोरी धरणारा माणूसच ठरवतो.