रेडिओ लहरी शोधणाऱ्या हर्ट्झला त्याच्याच हॉलच्या खांबांनी चकवलं होतं

नवा राऊटर किंवा ब्लूटूथ स्पीकर बाजारात यायच्या आधी त्याला एका विचित्र खोलीत जावं लागतं. खोलीच्या भिंती धातूच्या असतात आणि आतून फोमचे टोकदार सुळके लावलेले असतात. बाहेरची लहर आत येऊ नये आणि आतली लहर भिंतीवर आपटून परत येऊ नये, एवढाच त्यांचा उद्देश. डिव्हाइसलाही आधी तयार करतात. वायफाय एरवी डेटा असेल तेव्हाच बोलतं, म्हणून त्यात खास सॉफ्टवेअर घालून एकाच चॅनलवर, पूर्ण ताकदीनं, सलग सिग्नल सोडायला लावतात. मग अँटेना ३ किंवा १० मीटरवर ठेवून मोजमाप सुरू होतं.

एवढा खटाटोप का? हे समजून घ्यायला १८८८ च्या जर्मनीत जावं लागेल. रेडिओ लहर पहिल्यांदा मोजली गेली तेव्हा अशी खोली नव्हती, आणि त्याचा फटका थेट हाइनरिख हर्ट्झला बसला. मेगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झमधला हर्ट्झ तो हाच.

२२ फेब्रुवारी १८५७ ला हॅम्बुर्गमध्ये त्याचा जन्म झाला. वडील वकील, पुढे शहराचे सिनेटर. पोरगा आधी इंजिनिअर व्हायला निघाला होता, पण मन रमलं फिजिक्समध्ये. बर्लिनला हेल्महोल्ट्झसारखा गुरू मिळाला आणि १८८० मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी डॉक्टरेटही झाली.

त्याच काळात बर्लिनच्या अकादमीनं एक बक्षीस लावलं होतं. मॅक्सवेल नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं कागदावर मांडलं होतं की वीज आणि चुंबकत्व मिळून लहरी बनतात आणि त्या प्रकाशाच्याच वेगानं धावतात. या सिद्धांतातला एक मुद्दा प्रयोगानं तपासायचा होता. हेल्महोल्ट्झनं हर्ट्झचं नाव सुचवलं. हर्ट्झनं हिशोब करून पाहिला, उपलब्ध साधनांनी परिणाम दिसणारच नाही असं त्याला वाटलं आणि त्यानं विषय सोडून दिला.

मध्ये कील शहरात काही काळ शिकवून १८८५ मध्ये तो कार्ल्सरूहला प्राध्यापक झाला. पुढच्याच वर्षी सहकाऱ्याची मुलगी एलिझाबेथ डॉल हिच्याशी लग्न झालं. आणि १८८६ च्या शरद ऋतूत, कॉलेजच्या तारेच्या कॉइल्सशी खेळताना त्याला दिसलं की एका कॉइलमध्ये ठिणगी पाडली की शेजारच्या कॉइलमध्येही बारीक ठिणगी पडते. सोडून दिलेला प्रश्न परत टेबलावर आला.

त्याचं उपकरण आजच्या मानानं अगदीच साधं होतं. ट्रान्समीटर म्हणजे मधे फट असलेली तार, फटीच्या दोन्ही बाजूंना पितळी गोळे. रिसीव्हर म्हणजे तारेचं कडं, त्यालाही बारीक फट. सिग्नल आला की फटीत ठिणगी. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची, तेही अंधारात डोळे ताणून. गोळे सतत घासूनपुसून ठेवावे लागत, नाहीतर ठिणगी बिघडायची. ट्रान्समीटरच्या तालाशी जुळेल अशाच मापाचं कडं लागायचं.

आणि इथं गंमत झाली. ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यानं रिसीव्हरची फट काळ्या पेटीत झाकली, तर ठिणगी आणखीच लहान झाली! दुसरा कुणी असता तर पेटी काढून पुढे गेला असता. हर्ट्झनं मूळ काम बाजूला ठेवून कित्येक महिने फक्त याचा पिच्छा पुरवला. काच आडवी धरली तर ठिणगी घटते, क्वार्ट्झ धरलं तर घटत नाही. म्हणजे ट्रान्समीटरच्या ठिणगीतून येणारे अतिनील किरण रिसीव्हरला मदत करत होते. १८८७ मध्ये त्यानं हे छापलं. हाच पुढे फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या स्पष्टीकरणासाठी आइन्स्टाईनला नोबेल मिळालं.

मग आली लहर मोजायची वेळ. जागा होती कॉलेजचा लेक्चर हॉल, १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद, ६ मीटर उंच. समोरच्या भिंतीवर त्यानं ४ मीटर उंच जस्ताचा पत्रा लावला. लहर पत्र्यावर आपटून परत येणार, येणारी आणि जाणारी लहर एकमेकींत मिसळणार, आणि काही ठरावीक जागी ठिणगी पडणारच नाही. त्या जागांमधलं अंतर मोजलं की लहरीची लांबी कळते.

त्यानं लटकणारे गॅसचे पाइप आणि झुंबरं उतरवून घेतली. पण हॉलमध्ये लोखंडी खांबांच्या दोन रांगा होत्या. त्या लहरींसाठी जवळजवळ भिंतीसारख्याच वागत. ते कसे काढणार? वापरता येईल अशी रुंदी उरली जेमतेम साडेआठ मीटर. आणि लहर निघाली साधारण ९.६ मीटरची, म्हणजे मोकळ्या जागेच्या रुंदीपेक्षा मोठी!

लहरी आहेत, हे सिद्ध झालं. पण तारेतून जाणाऱ्या लहरीशी तुलना केली तर हवेतली लहर बरीच जास्त वेगानं धावताना दिसली, ४५ ला २८ या प्रमाणात. मॅक्सवेलच्या मते दोन्ही वेग सारखे हवे होते. ज्या सिद्धांताला तो पुरावा देत होता, त्याच्याच विरोधात आकडा उभा होता. हर्ट्झनं तो लपवला नाही, तसाच छापला.

मग त्यानं लहर लहान केली. ६६ सेंटीमीटरची, आजच्या भाषेत सुमारे ४५० मेगाहर्ट्झ. खोली तीच, पण लहरीच्या तुलनेत आता ती मोठी झाली. जस्ताचे दोन मीटर उंच वक्र आरसे, डांबरासारख्या पिचचा तब्बल ६०० किलोचा प्रिझम असा सरंजाम उभा करून त्यानं १८८८ च्या शेवटी दाखवलं की या लहरी प्रकाशासारख्याच परावर्तित होतात, वाकतात, आणि तारांच्या जाळीतून एकाच दिशेनं पार होतात. आजही लॅबमध्ये अँटेना एकदा उभी आणि एकदा आडवी धरून मोजतात, ते याच गुणामुळे.

१८८९ मध्ये तो बॉनला गेला. त्याच वर्षी एका इंजिनिअरनं या लहरींवरून टेलिफोन चालेल का असं विचारलं, तर आवाजाच्या संथ कंपनांसाठी खंडाएवढा आरसा लागेल असं त्यानं कळवलं. आवाज वेगवान लहरीवर स्वार करून पाठवायची युक्ती अजून यायची होती.

१८९२ पासून तब्येत ढासळली. संसर्ग, असह्य डोकेदुखी, ऑपरेशन्स. दरम्यान जिनिव्हात सारासाँ आणि द ला रीव्ह या दोघांनी त्याचाच प्रयोग खूप मोठ्या हॉलमध्ये केला. १८९३ मध्ये निकाल आला, हवेत आणि तारेत वेग सारखाच. मॅक्सवेल बरोबर होता, चूक कार्ल्सरूहच्या हॉलची होती.

१ जानेवारी १८९४ ला बॉनमध्ये हर्ट्झ गेला, वय अवघं ३६. मागे एलिझाबेथ आणि योहाना, माथिल्डे या दोन लहान मुली राहिल्या. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, म्हणून नाझी सत्तेत माथिल्डेचा विद्यापीठात शिकवण्याचा हक्क काढून घेतला गेला आणि तिघींनाही इंग्लंड गाठावं लागलं. तोवर, १९३० मध्येच, कंपनसंख्येच्या एककाला हर्ट्झ हे नाव मिळालं होतं.