इंजिनचा ठोका आणि थॉमस मिजली

मुंबई-अहमदाबाद हायवेवर मनोरच्या आसपासच्या एखाद्या गॅरेजमध्ये जुनी स्पोर्ट्स कार आणून उभी करा आणि इंजिनमधून आवाज येतोय एवढंच सांगा. मुरलेला मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. तो आधी विचारतो, आवाज कधी येतो? थंड असताना येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, तर पिस्टन सैल झाला असेल. आयडलिंगला हलकी टिकटिक येते, तर टॅपेट बघायचे. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून तो ऐकतो. एकेका प्लगची वायर काढतो. एखादी वायर काढल्यावर जड ठोका एकदम दबला, तर त्या सिलिंडरचं कॉनरॉड बेअरिंग गेलं असं समजायचं. पण वरच्या गिअरमध्ये चढ चढताना, ॲक्सिलरेटर दाबल्यावरच किणकिण ऐकू येत असेल आणि इग्निशन थोडं रिटार्ड केल्यावर ती थांबत असेल, तर बहुतेक वेळा कुठलाच पार्ट तुटलेला नसतो. तो आवाज पेट्रोल जळण्याचा असतो. त्याला आपण नॉकिंग म्हणतो, आणि आय. सी. इंजिनच्या व्हायव्हामध्ये हा प्रश्न हमखास येतो. या आवाजाचं मूळ ज्यांनी शोधून काढलं, त्या थॉमस मिजलींबद्दल मात्र आपल्या पुस्तकांत एखादी ओळसुद्धा सापडत नाही.

मिजलींचा जन्म 18 मे 1889 रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्स इथे झाला. वडील संशोधक, आईकडचे आजोबाही संशोधक, म्हणजे घरातच वर्कशॉप होतं म्हणा ना! 1911 मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. पुढे त्यांनी नाव कमावलं ते केमिस्ट्रीत, पण केमिस्ट्रीची डिग्री त्यांच्याकडे नव्हती. (आपल्या ब्रँचच्या मुलांनी हे केमिकलवाल्यांना जरूर ऐकवावं.)

1916 मध्ये ते डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली लागले. केटरिंग म्हणजे गाड्यांना सेल्फ-स्टार्टर देणारे गृहस्थ. त्यांच्या डेल्को कंपनीची बॅटरी-इग्निशन पद्धत तेव्हा नवीन होती, आणि इंजिन ठोकायला लागलं की लोक सरळ त्या इग्निशनला दोष द्यायचे. शेतावर वीज देणारी त्यांची लहान जनरेटर इंजिनंही रॉकेलवर चालवली की जोरात ठोकायची. आरोप खरा की खोटा हे ठरवायचं काम मिजलींकडे आलं.

नुसत्या कानांवर विसंबून हा प्रश्न सुटणारा नव्हता. मिजलींनी सिलिंडरमधला दाब प्रकाशाच्या किरणाने फोटोच्या फिल्मवर रेघेसारखा उमटेल असं उपकरण जुळवलं. त्या रेघेत स्वच्छ दिसलं की ठिणगी वेळेवरच पडते, जाळही नीट पसरायला लागतो आणि त्यानंतर, शेवटी उरलेल्या मिश्रणात दाब एकदम उसळी मारतो. म्हणजे हे ठिणगीच्या आधी पेट घेणं, प्री-इग्निशन, नव्हतंच. इग्निशन निर्दोष सुटलं आणि इंधन आरोपी ठरलं. माझ्या मते मिजलींच्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम हेच.

इथून पुढची गोष्ट थोडी गमतीची आहे. अमेरिकेत बर्फ वितळायच्या आत फुलणारं एक लाल पानांचं झुडूप आहे. लाल रंगामुळे ते उष्णता जास्त शोषत असेल, तर इंधन लाल केलं की तेही नीट जळेल, असा तर्क निघाला. स्टोअरमध्ये तेलात विरघळणारा रंग नव्हता म्हणून आयोडिन घातलं, आणि ठोका चक्क कमी झाला! मग मिजलींनी बाजारातले लाल रंग आणून पाहिले, तर एकाचाही उपयोग होईना. उलट आयोडिनचं रंगहीन संयुग चाललं. तर्क साफ चुकीचा होता, पण एखादा पदार्थ चिमूटभर घालून ठोका थांबवता येतो हे त्यातूनच कळलं.

आयोडिन महाग होतं, म्हणून पुढची काही वर्षं शोध चालू राहिला. ॲनिलीन झालं, सेलेनियम झालं. टेल्युरियमने तर अंगाला आणि कपड्यांना लसणासारखा असा वास धरला की तो जाता जाईना. शेवटी पिरिऑडिक टेबलच्या आधाराने ते शिशापर्यंत आले आणि 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात घातलं. एका गॅलनला जेमतेम 3 मिलिलीटर पुरे, ठोका बंद. 1923 मध्ये विक्री सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या हेच पेट्रोल पिऊन धावल्या. कॉम्प्रेशन रेशो वाढवायची वाट मोकळी झाली. पुढच्या पन्नास वर्षांतल्या स्पोर्ट्स कार त्याच वाटेने आल्या.

शिसं विष आहे हे तेव्हाही माहीत होतं. पेट्रोलचं नाव ठेवताना शिसं हा शब्द गाळून नुसतं एथिल ठेवलं गेलं. खुद्द मिजलींना 1923 मध्ये शिशाची बाधा झाली आणि विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावं लागलं. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यूजर्सीतल्या बेवे इथल्या प्लँटमध्ये बाधा होऊन पाच कामगार मेले. आपल्यापैकी जे तारापूर एम.आय.डी.सी.त ट्रेनिंगला जातात, त्यांनी हा भाग सावकाश वाचावा. कामगार गेले त्याच महिन्यात मिजलींनी पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं, मिनिटभर हुंगलं आणि काही धोका नाही असं सांगितलं. स्वतः आजारी पडलेल्या माणसाने हे करावं, हे मला कितीही वाचलं तरी पटत नाही. शिवाय अल्कोहोलनेही ठोका थांबतो हे त्यांनाच ठाऊक होतं, त्यांनी तसं मिश्रण वापरून दाखवलंही होतं. पण अल्कोहोल कोणीही बनवू शकतं, त्यात कंपनीची मक्तेदारी राहत नाही.

1928 मध्ये त्यांना फ्रिजसाठी बिनविषारी वायू शोधायचं काम मिळालं आणि त्यातून फ्रिऑन आला. ओझोनच्या थराला भोक पाडणारा हाच तो वायू, पण ते कळायला 1974 उजाडलं. 1940 मध्ये मिजलींना पोलिओ झाला आणि पाय गेले. तरी इंजिनिअर तो इंजिनिअरच! बिछान्यातून उठता यावं म्हणून त्यांनी दोऱ्या आणि पुलींची रचना स्वतः केली. 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोऱ्यांचा फास बसून ते गेले. वय 55.

त्यांचं पेट्रोल मात्र राहिलं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो हे सिद्ध होऊनही ते काढायला जगाला फार वेळ लागला. भारतात 1995 मध्ये महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर तेच मिळू लागलं. शेवटचा देश अल्जीरिया, 2021. ठोका थांबवायला आज आपल्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही उसापासून येतं, म्हणजे मिजलींनी बाजूला ठेवलेलं तेच अल्कोहोल.

जुन्या गाड्यांमध्ये याचा एक शेपूट राहिला आहे. एमजीबीसारख्या गाडीत व्हॉल्व्हची सीट बिडाच्या हेडमध्येच कापलेली असते. शिशाचा थर त्या सीटवर बसून झीज थांबवत असे. शिसं गेल्यावर जोरात चालवलेल्या गाडीत सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. त्यामुळे आवाज वाढत नाही, उलट टिकटिक थांबते! मालक खूश होतो आणि तिकडे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्यामुळे जळायला लागतो. म्हणून जुनी गाडी अचानक शांत झाली तर मिस्त्री आधी फीलर गेज घालून फट मोजतो, आणि हेड उतरवावं लागलं तर कडक सीट बसवून घेतो.