पेर लावाल : मालकाचा हुकूम आणि देवाची आज्ञा

दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री आपल्या बेटावरचे हजारो लोक सेंत-क्रुआच्या वाटेला लागतात. कोणी कॅथलिक असते, कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी चिनी. आपल्या मराठी घरांतूनही माणसे जातात. समाधीवर फूल ठेवतात, मूर्तीला हात लावतात, मनातले मागणे सांगतात आणि पहाटे घरी परततात. पण ज्यांच्याकडे आपण मागायला जातो, त्यांनी स्वतः आयुष्यभर काय केले, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहे.

झाक-देझिरे लावाल यांचा जन्म १८ सप्टेंबर १८०३ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, क्रोत या गावी झाला. वडील खाऊनपिऊन सुखी असलेले शेतकरी. आई लावाल लहान असतानाच वारली. चुलते धर्मगुरू होते. त्यांच्याकडे राहून मुलाचे पहिले शिक्षण झाले. पुढे पॅरिसला वैद्यकी शिकून १८३० मध्ये ते डॉक्टर झाले आणि आपल्याच मुलखात दवाखाना चालवू लागले. हाताला गुण होता, घरी पैसा होता, समाजात मान होता. मात्र मन स्वस्थ नव्हते. एकदा ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात वाचले, असे सांगतात. त्यानंतर त्यांनी आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला. तिशी उलटून गेलेल्या या डॉक्टरने १८३५ मध्ये दवाखाना सोडला आणि पॅरिसच्या सेमिनरीत पोरासोरांबरोबर पुन्हा बाकावर जाऊन बसला. २ डिसेंबर १८३८ रोजी त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पँतरव्हिल या लहानशा गावाचे चर्च त्यांच्याकडे आले.

त्या काळात लिबरमान नावाच्या धर्मगुरूंनी एक नवा संघ उभा केला होता. गुलामगिरीतून सुटलेल्या किंवा अजून त्यातच पिचणाऱ्या काळ्या माणसांची सेवा करणे हे त्याचे काम. लावाल त्यात सामील झाले. जवळचा पैसाही त्यांनी या कामाला दिला. बिशप कोलिअर यांच्याबरोबर ते जहाजात बसले आणि १४ सप्टेंबर १८४१ रोजी पोर्ट लुईला उतरले. फ्रान्स त्यांना पुन्हा दिसला नाही.

तेव्हा बेटाची स्थिती कशी होती, हे आपण समजून घेतले पाहिजे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली होती. साठ हजारांहून अधिक माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती. नंतरची सक्तीची उमेदवारी संपल्यावर ही माणसे खरी मोकळी झाली, पण त्यांच्या हातात ना जमीन होती, ना अक्षर. ऊसमळ्यांवर त्यांची जागा आपल्या पूर्वजांनी घेतली. १८३४ पासून जहाजे येऊ लागली, मधली काही वर्षे ती बंद राहिली, आणि लावाल आल्यानंतर लवकरच पुन्हा मोठ्या संख्येने सुरू झाली. म्हणजे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून आलेली आपली माणसे ज्या बंदरात उतरत होती, त्याच बंदरात हा माणूस तेवीस वर्षे राबत होता. त्यांचे काम मुख्यतः मुक्त झालेल्या आफ्रिकी आणि मालागासी लोकांमध्ये होते, हे खरे. तरी त्यांची गोष्ट आपलीही आहे. कारण ती आज्ञापालनाची गोष्ट आहे, आणि आज्ञापालन म्हणजे काय हे आपल्या पूर्वजांइतके कोणी सोसले नसेल.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. एक दिवस कामावर गेले नाही, तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. सिरदाराने हाक मारली की उठायचे. ते आज्ञापालन पोटासाठी होते आणि धाकाने होते. अशा घरांत वाढलेल्या माणसाला कोणी सांगितले की देवाचीही आज्ञा पाळावी, तर त्याला प्रथम मालकाचाच चेहरा आठवेल. शाळेत आम्ही मुलाच्या प्रगतिपुस्तकात आज्ञाधारक असा शेरा लिहितो, तेव्हा दोन्हींपैकी कोणती आज्ञा मनात आहे, हे शिक्षकानेही स्वतःला विचारावे.

ख्रिस्ती धर्माने सांगितलेली शरणागती वेगळी आहे. तिचा नमुना ख्रिस्त स्वतः. मरणाच्या आदल्या रात्री त्याने आधी शिष्यांचे पाय धुतले, मग बागेत जाऊन आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली. तो घाबरला होता, तरी पळाला नाही. ती मुलाने बापावर विश्वास टाकून केलेली शरणागती होती. लावाल यांनी हाच धडा गिरवला.

त्यांनी क्रेओल शिकून घेतली आणि त्याच भाषेत सोप्या प्रश्नोत्तरांचा धर्मबोध तयार केला. चर्चच्या आवारातल्या एका लहानशा खोलीत ते राहत. झोपायला मालाची लाकडी पेटी होती. जेवण गरिबाचे. दिवसभर काम करून दमलेली माणसे संध्याकाळी त्यांच्याकडे येत, आणि रविवारी दुपारी त्यांच्यासाठी वेगळी उपासना होई. तुरुंगात आणि इस्पितळात ते नेमाने जात. गोऱ्या समाजातल्या अनेकांनी त्यांची टवाळी केली, निंदा केली. काळ्या माणसाला इतका मान देणारा गोरा त्यांना सहन होत नव्हता. लावाल यांनी भांडण केले नाही आणि काम थांबवलेही नाही.

कोणी म्हणेल, त्यांनी गरिबांना फक्त सोसायला शिकवले. तसे नाही. त्यांनी साध्या कष्टकरी स्त्री-पुरुषांना धर्मशिक्षक केले. काल ज्यांना नाव धरूनही कोणी बोलावत नव्हते, ते आपल्या वस्तीत शिकवू लागले, आजाऱ्यांची चौकशी करू लागले, छोटी प्रार्थनामंदिरे उभारू लागले. गुलामगिरीत ज्यांचे संसार केव्हाही मोडले जात, त्यांना त्यांनी विवाहाचा मान दिला. मालकाचा हुकूम माणसाला वाकवतो. लावाल ज्या आज्ञेत राहिले, तिने ते स्वतः वाकले आणि खाली पडलेले उभे राहिले. आज्ञा कोणाची आहे, हे ओळखण्याची मला तरी हीच खूण वाटते.

१८५४ मध्ये कॉलऱ्याने आणि पुढे देवीच्या साथीने बेटावर हजारो माणसे मेली. तेव्हाही ते रोग्यांजवळ होते. मग त्यांच्या स्वतःच्या शरीराने साथ सोडली. पक्षाघाताचे झटके आले. वस्त्यांतून फिरणे थांबले, उपदेश करणेही थांबले. राबणाऱ्या माणसाला रिकामे बसणे फार जड जाते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे पाहिले म्हणजे हे कळते. आपण आता निरुपयोगी झालो, हे त्यांनी ओळखले आणि तेही देवाच्या हातून घेतले. चर्चमध्ये बसून ते तासन्‌तास प्रार्थना करीत. देवाने सांगितलेले काम करणे ही अर्धी शरणागती. त्याने काम काढून घेतले तरी त्याच्यावर रुसायचे नाही, ही उरलेली अर्धी, आणि तीच अवघड.

९ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांनी देह ठेवला. अंत्ययात्रेला पोर्ट लुईत माणसांचा पूर लोटला. २९ एप्रिल १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये त्यांना धन्य घोषित केले.

आपल्या मुलांना सेंत-क्रुआला नेताना हे सारे वाटेत सांगावे. आजोबा-पणजोबांनी कोणाचे हुकूम का सोसले, हेही सांगावे. त्यांनी मळ्यावर मान खाली घातली, पण कोठीत दिवा लावला, गणपती बसवला, आपली भाषा जपली. मालक त्यांच्या हातांचा धनी होता, मनाचा नव्हता. मन कोणाला द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. लावाल यांनी ते देवाला दिले आणि मग आयुष्यभर परत मागितले नाही.