बेळगावचे फडेप्पा चौगुले

ऑलिंपिक म्हटलं की खाशाबा जाधव आठवतात. पण त्यांच्या पदकाआधी 32 वर्षं, 1920 साली, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली, पदरचे पैसे घातले आणि संघ पाठवला. अंतर 42.75 किलोमीटर, चौगुले 2 तास 50 मिनिटांत पोचले, एकोणिसावे आले. बँकेची सवय, म्हणून हिशेब केला : किलोमीटरला चार मिनिटं! भूमच्या रस्त्यावर सकाळी फिरताना मला बारा लागतात. जिंकला फिनलंडचा कोलेहमाइनेन, अठरा मिनिटं आधी. पदक नाही म्हणून चौगुल्यांचं नाव मागे पडलं, हे मला पटत नाही. सोबतचे सदाशिव दातारही मॅरेथॉनलाच उतरले होते. त्यांना ती पूर्ण करता आली नाही.