सर पॉल पिंडर : दौलत गेली, मग उरले काय?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एका जुन्या घराचा ओक लाकडाचा दर्शनी भाग ठेवला आहे. दोन मजल्यांच्या, रस्त्यावर पुढे आलेल्या खिडक्या आणि त्यांखाली कोरीव काम. मागे घर मात्र नाही. ते घर होते सर पॉल पिंडर या व्यापाऱ्याचे. त्यांची अर्धी हयात उस्मानी मुलुखाशी जोडलेली, म्हणून आपणही ती जाणून घ्यायला हवी.

पिंडर यांचा जन्म १५६५ च्या सुमारास इंग्लंडमधील वेलिंगबरो गावी झाला. तरुणपणी ते व्यापारासाठी व्हेनिसला गेले आणि तिथे भरपूर कमावले. पुढे इस्तंबूलमध्ये इंग्लंडच्या राजदूताचे सचिव झाले. १५९९ मध्ये राणी एलिझाबेथने सुलतान मेहमद तिसरे यांच्या वालिदा सफिये सुलतान यांना एक घोडागाडी भेट पाठवली, ती पोहोचवली पिंडर यांनीच. नंतर ते अलेप्पोत, म्हणजे आपल्या हलबमध्ये, वाणिज्यदूत होते आणि १६११ ते १६२० इस्तंबूलमध्ये राजदूत. तिकडे मिळवलेली अरबी-फारसी हस्तलिखिते त्यांनी १६११ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला दिली.

मायदेशी परतल्यावर नशीब फिरले. आधी जेम्स आणि मग चार्ल्स राजाला त्यांनी प्रचंड कर्ज दिले. सेंट पॉल कॅथेड्रलच्या दुरुस्तीलाही मोठी रक्कम दिली. पण देशात यादवी पेटली, १६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि पैसा बुडाला तो बुडालाच. १६५० मध्ये पिंडर वारले तेव्हा डोक्यावर कर्ज होते.

बिशप्सगेट भागातले त्यांचे घर १६०० च्या आसपास बांधलेले. शहराच्या तटाबाहेर असल्याने १६६६ च्या भीषण आगीतून ते वाचले. नंतर त्यात दारूचा गुत्ता चालला. शेवटी लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन वाढवायचे म्हणून १८९० मध्ये ते पाडले. कुणाला तरी सुचले, म्हणून दर्शनी भाग तेवढा वाचला.

बघा, राजांना दिलेली दौलत गेली, ग्रंथालयाला दिलेली किताबे राहिली. आपल्याकडेही जुने घर पाडताना दादा-परदादांच्या उर्दू-फारसी किताबांचे गाठोडे सरळ रद्दीत जाते. तसे करू नका. वाचता येत नसेल तरी आधी एखाद्या जाणकाराला दाखवा.