लपवलेल्या मेणबत्त्या

चार लाख कोटी आणि वर एक! आकड्यांत लिहायचं तर ४०,००,००,००,००,००१. ही संख्या अभाज्य असेल का? ३, ५, ७, ११, १३... कशानंच भाग जात नाही. करत बसलो तर वही संपेल. पण सोफी जर्मेनच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र ठाऊक असेल तर दोन ओळींचं काम. २०,००,००१ च्या वर्गातून २,००० चा वर्ग वजा करा, नेमकी हीच संख्या मिळते. पुढे शाळेतलंच, अ वर्ग वजा ब वर्ग. अवयव पडले २०,०२,००१ आणि १९,९८,००१! एका संख्येच्या चौथ्या घातात दुसरीच्या चौथ्या घाताची चौपट मिळवली की ही युक्ती चालते. इथे त्या संख्या आहेत १ आणि १,०००.

मला मात्र या सूत्रापेक्षा सोफीचंच जास्त कौतुक वाटतं.

१७७६ साली पॅरिसमधल्या सधन व्यापाऱ्याच्या घरी ती जन्मली. तेरा वर्षांची असताना राज्यक्रांती झाली, बाहेर पडणं मुश्कील. वडिलांच्या पुस्तकांत तिला आर्किमिडीज भेटला. गणितात गढलेला असताना सैनिकानं मारलेला. ज्यापायी माणूस मरणही विसरतो ते गणित असतं तरी कसं, या ओढीनं ती शिकू लागली. मुलीच्या जातीला हे शोभत नाही म्हणून आईवडिलांनी रात्री मेणबत्त्या, शेकोटी, गरम कपडे सगळं काढून घेतलं. पोरीनं मेणबत्त्या लपवून ठेवल्या! दौतीतली शाई गोठली तरी ती रजईत गुरफटून गणितं सोडवत बसायची. शेवटी घरच्यांनीच हात टेकले.

१७९४ मध्ये पॅरिसला इकोल पॉलिटेक्निक सुरू झालं, पण मुलींना प्रवेश नव्हता. तिनं तिथल्या व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळवल्या आणि ल ब्लाँ या विद्यार्थ्याच्या नावानं आपलं काम प्राध्यापक लाग्रांजना पाठवलं. ही हुशारी कुणाची, हे कळल्यावर ते तिच्या पाठीशी उभे राहिले. थोर गणिती गाऊसलाही ती याच नावानं पत्रं लिही. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्य त्याच्या गावात शिरलं, तेव्हा त्याचा आर्किमिडीज होऊ नये म्हणून तिनं ओळखीच्या सेनापतीकडे शब्द टाकला. त्यातूनच तिचं खरं नाव उघड झालं. गाऊसनं तिच्या धैर्याची मनापासून तारीफ केली.

जिची दुप्पट अधिक एक हीसुद्धा अभाज्य असते, अशा अभाज्य संख्येला आज सोफी जर्मेन संख्या म्हणतात. उदाहरणार्थ ५, कारण ११ अभाज्य आहे. फर्माच्या प्रसिद्ध कोड्यावर काम करताना तिनं अशा संख्या वापरल्या. लवचीक पृष्ठभागांच्या कंपनांवरच्या संशोधनासाठी १८१६ मध्ये तिला पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं पारितोषिकही मिळालं.

१८३१ मध्ये स्तनाच्या कर्करोगानं ती गेली. मृत्यूच्या दाखल्यात तिची नोंद गणिती म्हणून नाही, तर ठेवीच्या उत्पन्नावर जगणारी बाई अशी झाली. १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला. त्यावर बहात्तर विद्वानांची नावं कोरली होती, त्यात सोफी नव्हती.

मैत्रिणींनो, घरात नववी-दहावीतली लेक असेल तर तिला चाळीस कोटी एक या संख्येचे अवयव पाडायला सांगा. आणि ही युक्ती कुणाच्या नावाची, तेही आवर्जून सांगा.